सतरा नंबरचं झाड आणि तीन पातळ्यांचं घर

पहिला प्लॅन आम्ही दोघांनीच केला होता, चौकटीच्या वहीत, एक चौकट म्हणजे अर्धा मीटर असं धरून. हॉल इथे, किचन त्याला लागून, सासूबाईंची खोली बाथरूमजवळ, आमची खोली कोपऱ्यात, आणि खालच्या बाजूला, जिकडे झाडी दाट होत जाते तिकडे, लांबच लांब डेक. १४ मीटर बाय १२ मीटरचं घर. आमची आर्किटेक्ट माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, तिने तो कागद नीट बघितला, छान विचार केलाय म्हणाली, आणि मग त्याच्या शेजारी एक तिरकी रेघ मारली. "हा तुझा प्लॉट. आता यावर ठेव बघू तुझं घर."

ठेवता येईना. पुढची बाजू हवेत, नाहीतर मागची बाजू मातीच्या पोटात.

तेव्हापासून दीड वर्ष झालं, आणि या दीड वर्षात जे जे कळलं ते लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं, कारण उताराच्या, झाडांच्या जागेवर घर बांधायचं स्वप्न खूप जणांचं असतं आणि सगळे सुरुवात आमच्यासारखीच करतात, प्लॅनपासून. मला आता अगदी मनापासून वाटतं की अशा जागेवर प्लॅन नंतर काढावा, आधी सेक्शन काढावा. सेक्शन म्हणजे घर आणि जमीन दोन्ही सुरीने उभं कापलं आणि बाजूने बघितलं तर जे दिसेल ते चित्र. उतारावर खरं घर त्याच चित्रात ठरतं, खोल्या कुठे येणार ते मग आपोआप सुचत जातं.

आमचा उतार सांगते आधी. रस्ता वर आहे, प्लॉट खाली उतरत जातो, घर जिथे बसणार तिथे चार मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. याला वन इन फोर म्हणतात, २५ टक्के उतार, अंशात सांगायचं तर साधारण १४. चौदा अंश ऐकायला काहीच वाटत नाही, पण १२ मीटर खोल घर घेतलं की मागच्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपर्यंत तीन मीटरचा फरक पडतो, म्हणजे अख्खा एक मजला. आमच्या वहीतल्या घराखाली एक मजला लपला होता आणि आम्हाला तो दिसलाच नव्हता.

मग पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच आमच्याही आला, की जागा सपाट करून घेऊ. नवरा म्हणाला, दोन दिवसांचं काम आहे मशीनचं. मैत्रिणीने नको म्हटलं नाही, तिने आकडा काढून दाखवला. सगळंच कापायचं म्हटलं तर १४ मीटर लांब, १२ मीटर खोल आणि मागे ३ मीटर उंच अशी पाचर, म्हणजे साधारण २५० घनमीटर माती आणि मुरूम. उकरलेली माती फुगते, पाव पट तरी धरायचीच, म्हणजे तीनशेच्या वर गेलो. एका ट्रकमध्ये आठ घनमीटर धरले तर चाळीस फेऱ्या. आणि हे सगळं नेल्यावर मागे उरणार तीन मीटर उंचीची उभी कापलेली कड, जिला धरून ठेवायला भिंत लागणार.

दुसरा मार्ग अर्धं कापायचं आणि तीच माती पुढे भराव म्हणून टाकायची. माती कुठे न्यावी लागत नाही म्हणून हा सगळ्यांना आवडतो. पण मग अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरावावर, मूळ जमीन शेकडो वर्षं दबून बसलेली आणि भराव कितीही धुम्मस केला तरी पुढे थोडा बसतोच, आणि दोन अर्धे भाग सारखे बसले नाहीत की बरोबर मधोमध तडा. बरं, फुटिंग म्हणजे कॉलमखालचा पाया भरावातून खाली मूळ जमिनीपर्यंत नेला तर घर वाचतं, पण मग भराव घालून मिळवलं काय असा प्रश्न उरतो.

स्ट्रक्चरल इंजिनिअर सरांनी त्या तीन मीटरच्या भिंतीबद्दल जे सांगितलं ते मी विसरणार नाही. मातीचा दाब वेगळा, ते म्हणाले, पण फक्त पाण्याचा विचार करा. भिंतीमागे पाणी तुंबलं आणि तीन मीटर भरलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण साडेचार टन आडवा रेटा येतो. आमची भिंत १४ मीटरची, म्हणजे साठ टनांच्या वर, आणि तोही भर पावसात, जेव्हा माती सगळ्यात जड आणि सगळ्यात सैल असते. म्हणून भिंतीमागे खडीचा थर, त्यात माती शिरू नये म्हणून जिओटेक्सटाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, तळाशी भोकांचा पाईप आणि भिंतीत पाणी बाहेर पडायला वीप होल्स, यातलं काहीही वाचवायचं नाही. आणि दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार आवडली, की हा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. उंची अर्धी केली तर रेटा पाव होतो. म्हणजे एक तीन मीटरची भिंत घालण्याऐवजी दीड दीड मीटरच्या दोन घातल्या, मध्ये पुरेसं अंतर सोडून, तर दोन्हींवरचा मिळून रेटा एका भिंतीच्या निम्माच. डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेतं शतकानुशतकं का टिकतात ते त्या दिवशी कळलं मला.

पाण्याचा विषय निघाला की सर थांबतच नसत. ते म्हणाले, ड्रॉइंग पुढे न्यायच्या आधी एकदा भर पावसात प्लॉटवर जाऊन उभं राहा, दोन तास, आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं तेवढंच बघा. आम्ही गेलो. छत्री घेऊन त्या चिखलात उभं राहिलो आणि पहिला अर्धा तास काहीच दिसलं नाही, कारण जंगलातली जमीन पाणी पिते, पाचोळ्याचा जाड थर असतो तो स्पंजसारखा भरत राहतो. मग हळूहळू डाव्या बाजूला एक बारीक ओघळ चालू झाला. त्याच्या वाटेत एक वाळकी काटकी आडवी पडली होती, तिला पानं अडकली, पानांमागे पानं, दहा मिनिटांत वीतभर उंचीचा बांध तयार झाला, पाणी साठलं आणि मग एकदम उजवीकडे वळून आम्ही जिथे किचन आखलं होतं बरोबर त्या जागेवरून वाहायला लागलं. एक काटकी आणि मूठभर पानं! एवढ्याने पाण्याने वाट बदलली.

दोन दिवसांनी ऊन पडल्यावर परत गेलो तर वरची माती सुकत आलेली, पण उतारावर खाली एका मोठ्या दगडाच्या बुडातून स्वच्छ पाणी झिरपत होतं. पाऊस थांबून दोन दिवस झालेले. म्हणजे जमिनीच्या आत पाणी चालत होतं, वरून दिसत नव्हतं इतकंच. तो दगड आम्ही सर्व्हेच्या नकाशावर मार्क करून घेतला आणि घराचा कुठलाही भाग त्याच्या वाटेत येणार नाही हे पक्कं केलं. जमिनीखाली चालणारं पाणी अडवायला गेलं की ते भिंतीमागे साठतं, नाहीतर फरशीतून वर येतं, त्याला वाट देण्यातच शहाणपण.

आता झाडं. सर्व्हेमध्ये आम्ही फक्त कॉन्टूर मागितले होते, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या. मैत्रीण म्हणाली, अगं झाडं पण हवीत, प्रत्येक झाडाची जागा, खोडाचा घेर आणि बुडाशी जमिनीची लेव्हल. त्यामुळे सर्व्हेवाल्यांना दोन दिवस जास्त लागले, पण ६१ झाडांना पत्र्याचे नंबर लागले आणि तेव्हापासून आमच्या घरात झाडांना नंबरानेच हाका मारतात. सगळ्यात मोठं सतरा नंबर. छातीच्या उंचीवर घेर १८८ सेंटीमीटर. साल इतकी खोल चिरलेली की माझं बोट पहिल्या पेरापर्यंत आत जातं आणि त्या चिरांमधून मुंग्यांची ये-जा चालू असते, वर जाणाऱ्या एका चिरेतून, खाली येणाऱ्या दुसऱ्या.

घेर १८८ म्हणजे व्यास साधारण ६० सेंटीमीटर. झाडांच्या संरक्षणासाठी जो हिशेब सर्रास वापरतात, ब्रिटिश स्टँडर्ड ५८३७ मधला, तो असा की खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ सोडायचं. बारा पट म्हणजे ७.२ मीटर. कागदावर कंपासने ते वर्तुळ काढलं तर १६० चौरस मीटरच्या वर जागा एकट्या सतरा नंबरने घेतली, जवळजवळ आमच्या अख्ख्या घराएवढी. मला आधी वाटायचं झाड वाचवायचं म्हणजे खोडाला धक्का लावायचा नाही. पण मुळं खोल कमी जातात आणि आडवी लांब पसरतात, बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटर मातीतच असतात, कारण हवा तिथेच असते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. त्यामुळे झाडाच्या बुडाशी फूटभर भराव टाकला तरी मुळं गुदमरतात, आणि जड मशीन एकदा-दोनदा त्यावरून गेलं तरी माती दबून तिच्यातली हवेची जागा संपते.

हे आम्ही आमच्याच प्लॉटवर बघितलंय. मातीच्या तपासणीसाठी जे मशीन आलं होतं ते ठरलेल्या वाटेने न जाता जवळच्या वाटेने, नऊ नंबरच्या अगदी बुडाजवळून गेलं, येताना एकदा जाताना एकदा. आम्ही तिथे नव्हतो. तेव्हा झाडाला काहीच झालेलं दिसलं नाही, खोडाला ओरखडासुद्धा नाही. या वर्षी त्याच बाजूच्या फांद्या शेंड्याकडून वाळत चालल्यात. मला फार वाईट वाटतं त्या झाडाकडे बघून. त्यानंतर पहिलं काम केलं ते म्हणजे प्रत्येक वाचवायच्या झाडाभोवती त्याच्या वर्तुळावर लाकडी खांब आणि जाळीचं कुंपण, घराच्या एका विटेच्याही आधी. कुणी अशा जागेवर काम काढणार असेल तर ही एक गोष्ट तरी नक्की करा, तोंडी सांगून उपयोग नाही, कुंपणच घाला.

झाडं अजून एक गोष्ट सांगतात जी मला माहीत नव्हती. उतारावर खोडं बुडाशी वाकलेली दिसली, म्हणजे आधी उताराच्या दिशेने तिरकी जाऊन मग वळून सरळ वर गेलेली, तर सावध व्हायचं. वरची माती अगदी सावकाश, वर्षाला काही मिलीमीटर वगैरे, खाली सरकत असू शकते, झाड कलतं आणि शेंडा परत सरळ वर जायला बघतो, म्हणून ते वळण. आमच्याकडे खालच्या टोकाला अशी पाच-सहा झाडं निघाली. वर, घराच्या जागेवर सगळी ओळंब्यात सरळ. घर आणखी खाली, दाट झाडीत न्यायचा नवऱ्याचा हट्ट होता तो त्या दिवशी सुटला. मातीच्या तपासणीतही तेच आलं, वरच्या भागात पाचोळा आणि काळी भुसभुशीत माती वीतभर, मग हातभर तपकिरी माती, मग मुरूम आणि १.८ मीटरवर घट्ट खडक. खालच्या टोकाला तीन मीटर खोदूनही खडक लागला नाही.

या काळात मी उतारावरची घरं खूप बघितली, म्हणजे फोटो आणि ड्रॉइंग. आपल्याला फोटोत घर दिसतं पण त्यांनी उताराचं काय केलं ते सेक्शन बघितल्याशिवाय कळत नाही. फॉलिंगवॉटर सगळ्यांना माहीत असतं, फ्रँक लॉइड राइटने १९३५ मध्ये डिझाइन केलेलं, पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर बसवलेलं. लोक त्याच्या पुढे झेपावलेल्या गच्च्या बघतात. मला त्यातल्या दोन लहान गोष्टी जास्त भिडल्या, एक म्हणजे जागेवरचा खडक न फोडता तो तसाच हॉलमध्ये शेकोटीपाशी जमिनीतून वर आलेला ठेवलाय, आणि दुसरी, घराच्या मागे गाडीच्या वाटेवर जे काँक्रीटचे बीम आहेत त्यातला बीम झाडाच्या खोडाला वळसा घालून नेलाय. पण त्या गच्च्या बांधल्यापासूनच वाकत गेल्या आणि शेवटी २००२ मध्ये आतून पोलादी केबल ताणून त्यांना आधार द्यावा लागला हेही तितकंच खरं. आमच्या इंजिनिअर सरांकडे मी कॅन्टिलिव्हर डेकचा, म्हणजे पुढच्या टोकाला खालून आधार नसलेल्या डेकचा फोटो घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी हीच गोष्ट सांगितली, आणि डेक दीड मीटरच्या पुढे लोंबकळत न्यायचा नाही असं ठरलं.

लॉस एंजेलिसमध्ये रे कॅपी नावाच्या आर्किटेक्टने स्वतःसाठी बांधलेलं घर आहे, १९६७ चं. चढाची जागा, मोठी झाडं, आणि जमिनीखाली झरे. त्याने सहा काँक्रीटचे मनोरे उभे केले आणि त्यांच्यावर लाकडी बीम टाकून अख्खं घर वेगवेगळ्या पातळ्यांवर तोलून धरलं, जमिनीला टेकतात ते मुख्यतः ते मनोरेच, पाणी खालून आपल्या वाटेने जातं. हे बघितल्यावर आमच्या दगडाखालचा झरा डोळ्यासमोर आला. मी तो सेक्शन मैत्रिणीला पाठवला तर ती म्हणाली, मी कधीपासून हेच सांगतेय, फक्त आपल्याला मनोरे नकोत, कॉलम पुरतील.

आणि रिचर्ड मायरचं मिशिगन लेकच्या काठावरचं डग्लस हाऊस, १९७३ मध्ये पूर्ण झालेलं, पांढरंशुभ्र, तीव्र उतारावर दाट झाडीत. तिथे रस्त्यावरून पुलाने थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर शिरतात आणि मग खाली खाली उतरत जातात. पूल! हा शब्द आमच्या घरात तेव्हापासून आला.

तर शेवटी कागदावर आमचं घर असं झालंय. मागून पुढे १२ मीटर, त्याचे चार चार मीटरचे तीन पट्टे केले, कॉन्टूरला समांतर, आणि प्रत्येक पट्टा आधीच्यापेक्षा एक मीटर खाली. जमीन चार मीटरला एक मीटर उतरते, घरही तसंच उतरतं. एक मीटर म्हणजे साडेसोळा सेंटीमीटरच्या सहा पायऱ्या. रस्त्यापासून घर पाच मीटर आत, तिथपर्यंत जमीन सव्वा मीटर उतरलेली, म्हणून रस्त्यावरून पाच मीटरचा पूल, एकास बारा इतक्या हलक्या उताराचा रॅम्प. सगळ्यात वरचा पट्टा असा जमिनीच्या वर तरंगतो, मागच्या कडेला ८० सेंटीमीटर आणि पुढच्या कडेला १.८ मीटर, आणि बाकी दोन पट्ट्यांचंही तसंच. सगळं कॉलमवर. तीन मीटरची भिंत गेलीच, फक्त वर गाडी उभी करायच्या जागेला माती धरून ठेवणारी एक लहान भिंत, रिटेनिंग वॉल, राहिली. गाडी घरापर्यंत न्यायचा विचार सोडून दिला, गाडीची वाट एकास आठपेक्षा तीव्र नको म्हणतात, आणि त्या हिशेबाने सव्वा मीटर खाली जायलाच १० मीटर लांब वाट लागली असती आणि किती झाडं गेली असती कुणास ठाऊक.

पायऱ्यांचा विषय सगळ्यात अवघड गेला, आणि तो इंजिनिअरिंगचा नव्हता. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांनी सेक्शन बघून एकच विचारलं, "अगं, यात मी दिवसातून किती वेळा चढायचं-उतरायचं?" आम्ही तोपर्यंत नेहमीच्या पद्धतीने झोपायच्या खोल्या वर आणि हॉल, किचन खाली असं धरलं होतं. म्हटलं, आई, तुम्हाला एकही पायरी लागणार नाही असं करू. आणि मग घर उलटं केलं. पूल उतरून आत आलं की त्याच पातळीवर हॉल, किचन, त्यांची खोली आणि त्यांचं बाथरूम. सहा पायऱ्या खाली आमची खोली आणि पाहुण्यांची, आणखी सहा पायऱ्या खाली वाचायची आणि कामाची खोली आणि डेक. याचा फायदा नंतर लक्षात आला, वरचा पट्टा सगळ्यात उंच असल्यामुळे हॉलमधून पुढच्या छपरांच्या वरून थेट झाडांचे शेंडे दिसतात, आणि सगळ्यात खाली बसलं की खोडं दिसतात. एकाच घरात झाडाचे दोन वेगळे भाग. उतारावर पातळ्या केल्या की हे मिळतं, सपाट जागेवर कितीही मोठी खिडकी लावली तरी नाही मिळत.

तिसरा पट्टा चौदा मीटरचा नाही झाला. सतरा नंबरचं वर्तुळ त्याच्या डाव्या कोपऱ्यात घुसतं, म्हणून तो पट्टा नऊ मीटरवर थांबवला, आणि उरलेल्या जागेत फक्त लाकडी डेक, तोही फटी ठेवलेल्या फळ्यांचा, म्हणजे पाऊस खाली मुळांपर्यंत जाईल. डेक आणि खोडामध्ये ३० सेंटीमीटरची जागा सोडलीय, आणि तिथली कड अशी बसवली आहे की पुढे खोड जाड झालं तर फळ्या कापून मागे घेता येतील. झाड वाढतं हे लोक विसरतात, आणि वाऱ्यात हलतंही. खोडाला चिकटवून डेक केलेले फोटो मी बघते तेव्हा मला त्या सालीची काळजी वाटते.

घर वर उचललं की अजून एक प्रश्न येतो, खालची जमीन कोरडी पडते. मुळांवर छप्पर घातल्यासारखंच झालं ते. म्हणून छपराचं पाणी पाईपने कुठे लांब न नेता घराच्या वरच्या अंगाला खडीच्या चरात सोडायचं, चर कॉन्टूरला समांतर, म्हणजे पाणी पसरून हळूहळू घराखालून मुरत जाईल. चर भरून वाहायला लागला तर जास्तीचं पाणी दगडाच्या वाटेने ओघळात. छपराचा उतार त्यासाठीच मागे, चढाकडे ठेवलाय, पुढची बाजू उंच. पूर्ण सपाट छप्पर मला फार आवडायचं, मॉडर्न घर म्हटलं की तेच डोळ्यासमोर येतं, पण झाडांखाली सपाट छपरावर पानं साठतात, ओली राहतात, कुजतात आणि पाणी जायची भोकं बुजवतात. त्या काटकीचा बांध मी विसरले नव्हते. बंदिस्त गटरही नको म्हटलं, पाणी सरळ कडेवरून खडीत पडू दे.

आणि मॉडर्न म्हणजे तरी काय. मला आधी पांढरे ठोकळे आणि काचा वाटायच्या. आता वाटतं की ज्या घराचं वजन कुठून कुठे जातं ते बघणाऱ्याला समजतं, जे जमिनीला जिथे टेकतं तिथे उगीच दगड चिकटवून लपवत नाही, ते मॉडर्न. बारीक स्टीलचे कॉलम, त्यांच्यावर तीन आडव्या रेघा, बस. त्या आडव्या रेघांमुळे उतार उलट जास्त स्पष्ट दिसतो, टेकाडाला मोजपट्टी लावल्यासारखा.

काचा मात्र भरपूर आहेत. त्यांच्यावर पक्षी आपटतात ही खरी अडचण, त्यांना काचेत झाडंच दिसतात. उपाय साधा आहे, काचेच्या बाहेरच्या बाजूला बारीक ठिपके, पाच-पाच सेंटीमीटरवर. आतून दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते म्हणतात. सांडपाण्याची टाकी उताराच्या खालच्या बाजूला, झाडांच्या वर्तुळांच्या बाहेर, म्हणजे पंप लागत नाही.

सगळी झाडं वाचली असं नाही. तीन गेली. एकतीस नंबर आतून पोकळ होतं आणि घराकडे कललेलं, ते कापावंच लागलं, आणि पुलाच्या जागेवरची दोन. बुंधे उपटले नाहीत, जमिनीलगत कापून मुळं तशीच ठेवली, कारण उतारावर माती त्यांनीच धरलेली असते, आणि ती मुळं कुजायला काही वर्षं लागतात तोवर नवीन झुडपांची मुळं तयार व्हायला हवीत. झुडपं त्याच आठवड्यात लावली.

गेल्या आठवड्यात लाईनआऊट झालं. खुंट्या, सुतळी, चुना. सपाट जागेवर सुतळी जमिनीलगत असते, आमच्याकडे पुढच्या खुंट्या पुरुषभर उंच, कारण सुतळी आडवी लेव्हलमध्ये हवी. कागदावर दीड वर्ष बघितलेलं घर असं दोरीने हवेत आखलेलं बघताना माझा घसा दाटून आला. नवरा शिडीवर चढला, डेकच्या सुतळीच्या उंचीवर डोळे आणले आणि वरून म्हणाला, इथून सतरा नंबरची पहिली फांदी हाताला लागते गं.

कॉलमचे खड्डे हाताने खोदायचे असं ठरलंय, मशीन नाही, आणि बोटाहून जाड, साधारण २५ मिलीमीटरच्या वरचं मूळ लागलं की थांबायचं आणि फोन करायचा. पहिले चार खड्डे झाले, खडकापर्यंत पोचले, काही अडचण नाही. काल सकाळी पाचव्यातून फोन आला. ४० सेंटीमीटरवर मूळ, माझ्या मनगटाएवढं जाड, लालसर सालीचं, खड्ड्याच्या एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत सरळ गेलेलं. सतरा नंबर तिथून सात मीटरहून लांब आहे, वर्तुळाच्या बाहेर, तरी मूळ त्याचंच. खोदणाऱ्या दादांनी आजूबाजूची माती हाताने काढली होती, मुळाला कुदळ लागू दिली नव्हती. मी त्यांना म्हटलं, दादा, एवढं कसं जपलंत, तर ते म्हणाले, तुम्ही नंबर लावलाय ना त्याला.

मैत्रिणीला फोटो पाठवला, सरांना पाठवला. संध्याकाळपर्यंत दोघांचं बोलणं झालं, पाचवा कॉलम ५५ सेंटीमीटर उजवीकडे सरकतोय, त्यावरचा बीम थोडा जाड होईल आणि कामाच्या खोलीची खिडकी एका फळीने अरुंद. नवीन ड्रॉइंग उद्या येईल. तोवर मूळ सुकू नये म्हणून त्यावर ओलं पोतं टाकून ठेवलंय, आणि आज दोनदा जाऊन मी त्यावर पाणी मारून आले.